ओमच्या मालकीचा ढावलो

नव्या कम्प्युटरने ओमला पुन्हा तेच ऐकवलं: हे फोल्डर उघडण्याची तुम्हाला परवानगी नाही. ओमने माउस टेबलावर आपटला.

"माह्या घरात मलेच परवानगी नाही म्हन्ते हा."

उद्या राखीचं, त्याच्या बहिणीचं, लग्न होतं. तांड्यावर मांडव पडला होता आणि पांढरकवड्याहून डीजेची गाडी येऊन उभी होती. निरोपाच्या वेळी नवरीने ढावलो म्हणायचा, आपल्या माणसांना सोडताना सुरात रडायचं, ही बंजारा तांड्याची रीत. राखीला ढावलो येत नव्हता. ती यवतमाळच्या होस्टेलात वाढलेली. ओमने त्यावर तोड काढली होती. आजीचा, म्हणजे भुरीबाईचा, ढावलो त्याने मागे कधीतरी जुन्या कम्प्युटरवर भरून ठेवला होता. तोच मोठ्या स्पीकरवर लावायचा आणि राखीने तोंडावर पदर घ्यायचा, बस्स. सगळ्या तांड्याला त्याने हे सांगूनही टाकलं होतं.

मधेच जुना कम्प्युटर जळला. त्यातली डिस्क काढून ओमने नव्यात बसवली. फोटो आले, सिनेमे आले, नेमका ढावलोच अडून बसला. कोणी पुसू नये म्हणून ते फोल्डर त्यानेच आपल्या खात्यापुरतं बंद केलं होतं, आणि ते खातं जुन्या कम्प्युटरबरोबर गेलं. आपणच कुलूप लावायचं, किल्ली हरवायची आणि मग दाराला शिव्या घालायच्या, असला तो प्रकार.

फोनवर राजदीप होता. पांढरकवड्यात कम्प्युटर दुरुस्त करणारा ओमचा मित्र. त्याच्या सांगण्यावरून ओमने फोल्डरचा मालक कोण ते पाहिलं. नावाच्या जागी नुसते आकडे, ट्रकच्या नंबरप्लेटी एकापुढे एक ठोकाव्या तसे. राजदीप म्हणाला, तिथे तुझं नाव टाक. ओमने टाकलं. फोल्डर उघडलं, पण आतली फाइल उघडेना. ओम राजदीपवर ओरडला. राजदीपही काही कमी नव्हता. आतल्या सगळ्या फायलींना लागू कर, ही खूण करायची राहिली असेल, डोळे उघडे ठेवून कर, असं सुनावून त्याने फोन ठेवून दिला.

राहू दे आता, असं राखी म्हणाली, तर ओम तिच्यावर घसरला. हे सगळं कोणासाठी चाललंय, तुला साध्या चार ओळी पाठ करता आल्या नाहीत. राखीही चिडली. होस्टेलात मी आपल्या पायांनी गेले नव्हते, तुम्हीच टाकलं होतं, असं तिने तोंडावर सांगितलं.

भुरीबाई दारात बसून हे ऐकत होती. महिनाभर ती राखीला शिकायला बस म्हणत होती. तुझा आवाज आता फाटला दादी, असं ओमनेच तिला सगळ्यांसमोर ऐकवलं होतं. तिला त्याचा राग होता आणि तो तिने लपवलाही नव्हता. कालपासून ती ओमशी एक शब्द बोलली नव्हती. काखेत कळसा नि गावाला वळसा, पण वळसा घालणाऱ्याला हे सांगणार कोण?

ओमने राहिलेली खूण केली. मालक: ओम. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत गेली आणि घरभर भुरीबाईचा आवाज भरला. तेव्हाचा, भरदार. मांडवातल्या बाया दाराशी आल्या. राखीने ओढणी तोंडावर घेऊन पाहिली. ओमने सगळ्यांकडे असं पाहिलं की जणू तोच गात होता.

आवाजाने देवसिंगला हाक मारली. देवसिंग भिया, देवसिंग भिया, असं आळवत तो चढत गेला.

भुरीबाई उठली आणि तिने भिंतीवरचं बटण बंद केलं.

"काहून बंद केलं?" ओम म्हणाला. "सकाळपासून मरून राह्यलो याच्यासाठी."

"देवसिंग कोन लागते राखीचा?"

ओमने राखीकडे पाहिलं.

"माहा भिया होता तो, भाऊ. मेला. ढावल्यात नवरी एकेकाचं नाव घेऊन त्याच्या गळ्यात पडते. हे माहं रडनं होय, माह्या मानसांसाठी. राखीनं उद्या मेलेल्या मानसाच्या गळ्यात पडाचं का? तुहं नाव कुठी हाये याच्यात?"

डीजेत नावं कोणाला ऐकू येतात, असं ओम म्हणाला, पण तो हे नुसतं पुटपुटला.

भुरीबाईने राखीचा दंड धरला, तिला ओमसमोर उभं केलं आणि त्याच्या गळ्यात पड म्हणून सांगितलं. राखीला हसू आलं. तिने ओमच्या खांद्यावर हात टाकला आणि आजीच्या फाटक्या आवाजामागून पहिली ओळ घेतली. सूर चुकला, शब्दही चुकला. दाराशी कोणीतरी खिदळलं. भुरीबाईने तिकडे पाहिलं नाही. तिने ओळ पुन्हा म्हटली आणि भियाच्या आधी ओमचं नाव घातलं. राखीने ते नाव घेतलं. पुन्हा घेताना तिचा आवाज मोडला, आणि मग तिला आजीची गरज उरली नाही.

ओम ताठ उभा होता. राग अजून त्याच्या तोंडावर तसाच होता. हातांचं काय करावं ते मात्र त्याला कळत नव्हतं.

"बंद कर," तो म्हणाला. "बंद कर वं ते."

कम्प्युटर तर केव्हाचाच बंद होता.