तक्त्याचं पान

विहिरीच्या कठड्यावर माझीच बातमी लॅमिनेट करून लावलेली होती. 'विहिरीचे पाणी पिण्यास योग्य'. खाली माझं नाव.

तीन वर्षांपूर्वी इथल्या ग्रामपंचायतीने प्रसिद्धिपत्रकाला पाणी तपासणीचा तक्ता जोडला होता. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पहिलं पान जसंच्या तसं छापायला दिलं, तक्त्याचं पान फाइलला लावलं. "पत्रकारिता कर, पण बीएस्सी अर्धवट सोडू नकोस," असं केमिस्ट्रीचे दाभाडे सर कळवळून सांगायचे. मी हसायचे. बातमी लिहायला केमिस्ट्री कशाला लागते?

पुढे बढतीसाठी पदवी हवी म्हणून बीएस्सी पूर्ण केली. काल फाइल चाळताना तो तक्ता पुन्हा समोर आला, आणि वाचता आला. नायट्रेट मर्यादेच्या तिप्पट. तान्ह्या बाळाला ते विषच. पाणी उकळलं तर पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं. सकाळी पहिल्या एसटीने इथे आले.

"बातमीवाल्या ताई ना तुम्ही?" कळशी भरणाऱ्या बाईने मला ओळखलं. "मला दूध नव्हतं, म्हणून बाळाला पावडरचं द्यायचे. सासूबाई म्हणत होत्या, जारचं पाणी आणू. मीच त्यांना तुमची बातमी दाखवली. दोन महिन्यांचं होतं. निळं पडत गेलं आणि गेलं."

मी बॅगेतून तक्ता काढत होते.

"ताई, तुम्ही शिकलेल्या," ती म्हणाली. "मी पाणी दहाच मिनिटं उकळायचे. अजून उकळायला हवं होतं का?"