काचेवरची पाटी

पॅथॉलॉजिस्टबाईंनी सूक्ष्मदर्शकाखालची स्लाइड चौथ्यांदा सरकवली आणि चौथ्यांदा त्यांचे तेच मत झाले: काहीतरी जुळत नव्हते.

पेशी बारीक, गडद, दाटीवाटीने बसलेल्या. मधूनमधून त्यांनी फुलासारखी वर्तुळे धरलेली. निम्मा तुकडा सर्जनच्या चिमट्याने चिरडला होता. फॉर्मवर ‘गाठीची जागा’ या रकान्यात ‘लहान मेंदू’ असे लिहिलेले. लहान मेंदूत अशी दाटी म्हणजे जहाल कर्करोग; म्हणजे डोक्यापासून माकडहाडापर्यंत किरणोपचार. रुग्ण चौतीस वर्षांची, भूमितीची शिक्षिका. पण वर्तुळे वाजवीपेक्षा मोठी होती, आणि सगळी स्लाइड पालथी घातली तरी जहाल गाठीत हमखास दिसणारी, विभागत असलेली एकही पेशी सापडत नव्हती.

“मॅडम, काप घ्यायचं दुसरंही पातं बोथट झालं,” तंत्रज्ञ दारातून म्हणाला. “गाठीच्या मेणठोकळ्यात वाळू आहे. कापताना करकर वाजतं.”

“मग तिसरं लावा. खोलवरचा काप द्या, न चिरडलेला. आणि स्कॅनची फिल्म?”

“वॉर्ड म्हणतो ऑपरेशन थिएटरमध्ये आहे, थिएटर म्हणतं वॉर्डात.”

सर्जनच्या कचेरीतून दोनदा फोन येऊन गेला होता. किरणोपचारांची तारीख धरून ठेवली आहे, अहवाल बाराच्या आत हवा. सर्जन स्वतः पुढच्या शस्त्रक्रियेत.

खिडकीच्या काचेवर टकटक झाली. त्याच काचेवर बाईंच्या हस्ताक्षरातली पाटी होती: ‘नातेवाइकांनी येथे चौकशी करू नये.’ इथे लिहिलेले कोणी वाचत नाही आणि जे वाचायचे ते कोणी धड लिहीत नाही, असे पुटपुटत त्यांनी काच सरकवली.

“मी त्या शिक्षिकेचा नवरा. एकच विचारायचं होतं.” त्याच्या हातात घडी घातलेला कागद होता. “तिसरा डोळा काढला, तर माणसाची अंतर्दृष्टी जाते का हो?”

“तिसरा कुणालाच नसतो. जे दोन असतात, ते तरी लोक कुठे वापरतात?”

“नाही, म्हणजे सर्जननीच सांगितलं, मेंदूच्या अगदी मध्यावर, पिनिअल का काय. मेहुण्याने नेटवर शोधलं, तर तो तिसरा डोळा निघाला.”

काच लावायला निघालेला बाईंचा हात थांबला. “तो कागद बघू.”

कागदावर सर्जनने घाईत रेखाटलेला मेंदू होता. बाण बरोबर मध्यावर.

बाईंनी थिएटरला फोन लावला आणि रिसीव्हर सर्जनच्या कानाशी धरायला लावला.

“गाठ पिनिअल ग्रंथीची?”

“पिनिअलचीच की.”

“फॉर्मवर लहान मेंदू लिहिलंय.”

“ज्युनिअरने लिहिलं असेल. अहो, आम्ही त्याच्या वरूनच आत शिरलो ना!”

“मी घर विचारलं होतं, डॉक्टर. तुम्ही गल्ली लिहून पाठवलीत.”

तिसऱ्या पात्याने खोलवरचा काप दिला. मोठी, निवांत वर्तुळे, एकसारखी केंद्रके, कुठेही घाई नाही. वाळूचेही कोडे उरले नाही. मोठ्या माणसांच्या या ग्रंथीत तसे कण असतातच. बाईंनी ‘लहान मेंदू’वर एक रेघ ओढली, शेजारी सही केली आणि अहवाल लिहिला: पिनिओसायटोमा. साधी, सावकाश वाढणारी गाठ. बाराला दहा कमी होते.

नवरा अजून खिडकीशीच होता.

“साधी गाठ आहे. कर्करोग नाही. पुढचं सर्जन सांगतील.”

त्याने खिडकीची कड दोन्ही हातांनी धरली. मान वर केली, तेव्हा कुठे त्याची नजर काचेवर गेली.

“माफ करा हं मॅडम, ही पाटी मी आत्ता वाचली.”

“आधी नाही वाचलीत, ते बरं झालं,” बाई वैतागूनच म्हणाल्या, आणि पाटीचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबता दाबता थांबल्या.