लाल बोया

होडी वाळूत रुतली तसे बाबा माझ्यावर उखडले, "इथला बोया कुठे गेला?" दर वादळी हंगामात खाडीतली वाळू सरकते, मग नव्याने बोये लावून होड्यांची वाट आखायची. यंदा सगळे मीच लावले होते; लाल रंग अजून नखांत होता. बोया समोरच चार हातांवर डुलत होता आणि बाबा थेट त्याच्याकडेच बघत होते. दिवसभराच्या फेऱ्यांनंतर भांडायचं त्राण उरलं नव्हतं. "सुटून वाहून गेला असेल," मी म्हणाले. "साधी गाठ मारता येत नाही तुला!" भरतीची वाट बघत दोघं बसून राहिलो. पाणी चढलं, प्रवाह फिरला आणि बोया होडीवर येऊन आपटू लागला. बाबांनी हात लांबवून तो चाचपला, गाठ ओढून पाहिली. "पक्की बांधलीस," ते पुटपुटले आणि सुकाणू माझ्या हाती दिलं.