जावेची मोटरसायकल

१९७८ साली आम्ही वाळवंटातल्या मोटरसायकल मेळाव्याला निघालो. मी ह्यांच्या मागे, दिवसभर नवऱ्याची पाठ बघत. धाकटी जाऊ मात्र स्वतः चालवत होती, दीर तिच्यामागे मुकाट. वाटेत सगळे तिलाच हात करत. माझा जळफळाट होई. मेळाव्याचे तंबू दिसले तोच आमची गाडी वाळूत रुतली. “भाऊजी, चाकांतली हवा थोडी सोडा,” जाऊ म्हणाली. “काल शिकलेल्यांनी मला शिकवू नये,” म्हणत हे ट्रॅक्टर आणायला गेले. मी केसातल्या पिनेने हवा सोडली. जाऊ हसली. “ताई, बसाच पुढे. क्लच हळू सोडा.” पहिल्या गियरमध्ये डुगडुगत मी तंबूंपर्यंत पोचले. हे ट्रॅक्टरवाल्याशेजारी उभे होते. घरी येताच ह्यांनी मोटरसायकल विकली. पुढे हे गेले, दीरही गेले. जाऊ सत्तरीतही चालवते. मी मागे बसते, आणि अजून जळते.