वाचवलेलं तेल

तेलविहीर खणताना वर येणारा तेलकट चिखल आधी चाळला जायचा; चांगलं तेल जाळीतून गळून परत वापरात जायचं. चाळणीवर अडकलेला गाळ खाली मशीनवाल्याकडे यायचा आणि तो त्यातलं उरलंसुरलं तेल थेंब न थेंब पिळून काढायचा. यंदा त्याने एवढं तेल काढलं, की साहेबांनी सगळ्यांसमोर त्याला तेलबचतीची ढाल दिली. ती मिरवत तो थेट वर चाळणीपाशी गेला. तिथे त्याचा मेव्हणाच कामाला होता.

“दाजी, अर्धी ढाल माझी हं!”

“ती कशी काय?”

“अहो, जाळी कधीची बुजलीये. चांगलं तेलसुद्धा गाळाबरोबर तुमच्याकडेच वाहत येतंय. उद्या बदलूनच टाकतो.”

ढाल छातीशी धरत मशीनवाला म्हणाला, “एवढी घाई कसली? खाली मी बसलोय ना, तेल वाचवायला!”