पणजोबांनी आणलेला शिक्का

"खरा शिक्का कुठं हाय, बाळासो?"

राजवीरने डबी गल्ल्यावर आपटली. गुजरीच्या सराफपेठेतली चार डोकी दुकानात डोकावली. डोकावू देत! या कारागिराची अब्रू आज चव्हाट्यावर आणायचीच, असं ठरवूनच तो आला होता.

डबीत रुपयाएवढा शिशाचा शिक्का होता, भोवती चांदीची कडी. परमुलखातून येऊन कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाच्या पदरी राहिलेल्या कुण्या सरदाराचा, हजार वर्षांपूर्वीचा. पहिल्या महायुद्धात तुर्कांच्या कैदेतून सुटलेल्या पणजोबांनी तो कनवटीला लावून घरी आणला होता. आता तो पणजोबांच्या नावानिशी संग्रहालयात मांडला जायचा होता. पण आज सकाळी मुंबईहून आलेल्या तज्ज्ञाने तो दोन बोटांनी परत सरकवला. एवढं जुनं शिसं असं चकाकत नाही म्हणे. नक्कल आहे.

याआधी शिक्का घराबाहेर एकदाच गेला होता. गेल्या साली, कडी बसवायला, बाळासोकडे.

"माझ्याकडं आला तवाबी असाच लख्ख हुता," बाळासो शांतपणे म्हणाला.

"मला शिकवू नकोस!"

तेवढ्यात फोन वाजला. आई होती.

"राजू, शिक्का सांजच्याला आण की. उद्या खंडेनवमी. दरसालासारखा तलवारीसंगं चिंचेनं घासून पूजेला मांडायचाय."

"कसली पूजा करतीस? चोरीला गेलाय शिक्का!" त्याने फोन कापला आणि पुन्हा बाळासोवर उखडला. "तज्ज्ञानं सांगितलंय, खऱ्याच्या पोटात दोरा असतोय. पत्र बांधायचा दोरा. त्याच्यावरच शिसं दाबायचे. तुझ्या ओतीव नकलेत काय असणार? माती!"

"मग कडी उतरवतो. कडंला दोऱ्याचं भोक दिसंल. धा मिन्टं बसा."

"उतरवताना परत हात मारशील! काप हितंच, समद्यांच्या म्होरं."

बाळासोने छिन्नी मागे सारली. "माझा हात न्हाय उठायचा, दादा."

घाबरला! राजवीरच्या मनात उरलीसुरली शंकाही राहिली नाही. संतापाने त्याचे कान तापले होते. त्याने शिक्का ऐरणीवर ठेवला, छिन्नी टेकवली आणि हातोडीचा एकच घाव घातला. मऊ शिसं कडीसकट उकललं.

"बघा रे, बघा ह्याची करणी!" म्हणत त्याने अर्धी फाक उचलून लोकांपुढे धरली.

फाकेतून तपकिरी दोऱ्याचं टोक लोंबत होतं.