ऐंशीच्या वर

“पण मग उन्हाळ्यात ते जातात कुठं?”

टॅन्सीनं विचारलं आणि शाळेच्या मासेमारी क्लबातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. फळ्यापाशी तिचाच बाप उभा होता. ड्वेन. गिऱ्हाइकांना होडीत बसवून मस्की मासा पकडून द्यावा तर त्यानंच, असं हिकरी फोर्क नदीकाठी सगळे म्हणत. मागच्या बाकावर केंड्रा आणि मॅबी एकमेकींना चिमटे काढत होत्या. पैज त्यांचीच. सगळ्यांसमोर विचारून दाखव, नाहीतर तू नुसती बडबडी!

ड्वेननं तोवर बाकी सगळं सांगितलं होतं. हिवाळ्यात मस्की खोल डोहाच्या तळाशी पडून असतो, तेव्हा गळ मुंगीच्या पावलानं ओढायचा. वसंतात ओढा नदीला मिळतो तिथं. पानगळीत पाण्यात पडलेल्या झाडांच्या आडोशाला, आणि तेव्हा आमिष हातभर लांब हवं. उन्हाळ्यात मात्र गळाच्या काठ्या भिंतीवर. पाणी ऐंशी अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की मस्कीचा दम तुटतो. झुंजवून सोडलात तर शेपूट हलवत ऐटीत जातो आणि वळणापलीकडे जाऊन मरतो.

“कुठं जातात ते मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही,” ड्वेन म्हणाला. पोरं खिदळली. टॅन्सी सगळ्यात मोठ्यानं.

रविवारी चर्चमधून आल्यावर त्यानं तिला हाक मारली. “चल. पण तिथून आलीस की तोंडाला कुलूप.”

मोठ्या सिकामोर झाडाच्या मुळांखाली, खडकाच्या फटीतून झरा येत होता. टॅन्सीनं पाय घातला आणि घोट्यापर्यंत बधिर झाली. स्वयंपाकघरातल्या टेबलाएवढा तो गारवा, आणि त्यात सहा मस्की. एकाला एक लागून, ओंडक्यांसारखे. फक्त कल्ले हलत होते.

“हा दवाखाना आहे पोरी,” ड्वेन कुजबुजला. “दवाखान्यात कुणी बंदूक घेऊन शिरत नाही.”

टॅन्सीकडून ती जागा काढून घ्यायला केंड्रानं सगळे उपाय करून पाहिले. गुदगुल्या, लाडीगोडी, शेवटी रुसवा. “आम्ही पैज लावली म्हणून तुला कळलं, आणि आता आम्हालाच नाही सांगणार? भारी शहाणी!” चौथ्या दिवशी जेवणाच्या टेबलावरची टॅन्सीची जागा दुसऱ्याच मुलीला गेली. टॅन्सी खिडकीपाशी एकटी बसून सँडविच खाऊ लागली, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा अभिमानच वाटत होता. पानगळ लागली की होडीतलं जाळं तुझ्या हातात, असं डॅडीनं कबूल केलं होतं. मस्की होडीपाशी आला की सगळा खेळ जाळं धरणाऱ्याचा. आजवर त्या नदीवर एकाही मुलीला कुणी जाळं धरू दिलं नव्हतं.

जाळं लवकरच आलं. ऑगस्टमधल्या शेवटच्या शनिवारी, भर उन्हाळ्यात.

होडीत एक पाहुणा होता, आमिषं बनवणाऱ्या कंपनीतला. ड्वेनच्या नावाचं आमिष निघणार होतं, आणि खोक्यावर छापायला फोटो हवा होता. हिवाळ्यातल्या फोटोत झाडं बोडकी दिसतात. त्यांना हिरवी हवी होती.

“तापमापी बुडव,” सिकामोरपाशी होडी थांबवून ड्वेन म्हणाला. नदीत नाही. झऱ्याच्या तोंडाशी.

“सदुसष्ट!” टॅन्सी ओरडली.

“ऐकलंत ना? सदुसष्ट,” ड्वेननं पाहुण्याला सांगितलं. टॅन्सीकडे त्यानं पाहिलं नाही.

मस्कीनं आमिष धरलं आणि तो गारव्यातून सुटून सरळ नदीत घुसला. दहा मिनिटं ओढाओढ चालली. मग टॅन्सीनं एका झटक्यात त्याला जाळ्यात घेतलं. “शाब्बास माझी वाघीण!” ड्वेन होडी हलेस्तोवर नाचला. मासा उभा धरला तर तिच्या कंबरेच्या वर गेला असता, डाव्या कल्ल्याला जुनी खोक पडलेली. तिच्या हातात तो, मागं हिरवी झाडं, ती स्वतः ओलीचिंब आणि हसतेय. पाच फोटो झाले. सोडल्यावर त्यानं शेपूट हलवली आणि तो ऐटीत निघून गेला. तिघांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवारी शाळा सुटल्यावर तिनं सायकल नदीकडे वळवली. का, ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही. वळणापलीकडच्या उथळ खडकांत तो पडला होता. पांढरं पोट वर, कल्ल्याला तीच खोक. एक कासव त्याचे पर कुरतडत होतं. टॅन्सी पाण्यात उतरली. पाणी आंघोळीच्या पाण्यासारखं कोमट होतं.

रात्रीच्या जेवणाला घेवडा आणि मक्याचा पाव होता. तिनं सगळं सांगितलं.

“मासाच ना गं तो,” आई म्हणाली. “जेव आधी.”

ड्वेन टोमॅटोच्या चकत्या करत होता. सुरी थांबली नाही. “पाणी सदुसष्ट होतं. तूच वाचलंस, मोठ्यानं. पाहुण्यानं ऐकलंय.”

जाळं आपल्याला पानगळीआधीच का मिळालं, ते टॅन्सीला तेव्हा कळलं. यात तिचाही हात राहावा म्हणून.

“हो, मीच वाचलं,” ती म्हणाली. “मघाशी मी मत्स्यखात्याला फोन केला.”

“वेडी झालीस? ती जागा दाखवलीस तर अख्खा गाव गळ घेऊन तिथं येईल!” ड्वेन म्हणाला.

“खात्यातल्या बाई म्हणाल्या, उन्हाळ्यात तिथं बंदी घालता येते. सगळ्यांना. तुलासुद्धा.” तिनं ताट बाजूला सरकवलं. “उद्या चार वाजता त्या येतायत. जागा मी दाखवणार. आणि मासा कुणी मारला विचारलं ना डॅडी, तर मी दोन नावं सांगणार आहे. पहिलं माझं.”